५८ पेशंट झालेत मॅडम, उरलेले ४२ भरू का?

एका जेआरचं, म्हणजे ज्युनिअर रेसिडेंट डॉक्टरचं, पत्र आलंय, नाव-गाव-कॉलेज काढून थोडक्यात देते. ती सरकारी मेडिकल कॉलेजात एमडी मेडिसिन करतेय, नुकतीच तिसऱ्या वर्षात गेलीय. थीसिसचा विषय टाईप २ डायबेटिसच्या पेशंटमधलं सीरम मॅग्नेशियम आणि इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या आराखड्यात, १०० पेशंट लिहिलेत, झालेत ५८, आणि जमा करायला उरलेत चार महिने. त्यात सुट्टीच्या दोन दिवसांत लॅबचा डीप फ्रीझर ट्रिप झाला आणि ११ सॅम्पल वितळले. शिवाय फाईल लावताना लक्षात आलं की चार कन्सेंट फॉर्मवर पेशंटची सही किंवा अंगठा नाहीच, कुठे मुलाने तर कुठे सुनेने सही केलीय. मास्टर चार्ट म्हणजे सगळ्या पेशंटच्या आकड्यांचा तक्ता, त्यातल्या उरलेल्या ओळी मनाने भर असा सीनियरचा सल्ला, म्हणतात, "मास्टर चार्ट भरून टाक गं, सगळे असंच करतात, तुझा थीसिस वाचणार कोण." गाईड सर एवढंच म्हणाले की मला वेळेत पाहिजे. शेवटचं वाक्य तिचंच देते: "मॅडम, भरायचे नाहीत हे माहितीये, पण न भरता पास कशी होणार ते माहीत नाही, रात्री झोप लागत नाही."

अगं, आधी झोपेचं बघू. ५८ पेशंटवर थीसिस पास होतो. मी बायोकेमिस्ट्री शिकवते, इतकी वर्षं थीसिस तपासतेय, एथिक्स कमिटीवरही बसते, आणि फक्त पेशंट कमी पडले म्हणून नापास झालेला थीसिस माझ्या बघण्यात नाही. कमी का पडले हे न सांगता लपवलेलं मात्र विवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, नक्की अंगाशी येतं.

आणि कमी म्हणजे किती कमी, ते एकदा कागदावर मांडून बघ ना, भीती अर्धी तिथेच उतरेल. समज तुझ्या पेशंटपैकी ३० टक्क्यांचं मॅग्नेशियम कमी निघालं. १०० पेशंट असते तर ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो, साधारण २१ ते ३९ टक्के आला असता, ५८ वर तो येतो साधारण १८ ते ४२. एवढाच फरक आहे, ज्याच्यासाठी तू रात्र रात्र जागतेयस. कोरिलेशनचं, म्हणजे दोन आकड्यांच्या एकमेकांशी असलेल्या संबंधाचं, म्हणशील तर १०० पेशंटवर ०.२८ च्या आसपासचं कोरिलेशन पकडायला ८० टक्के पॉवर (खरा संबंध हाती लागण्याची शक्यता) मिळते, ५८ वर ते ०.३६ च्या आसपास असावं लागतं, म्हणजे बारीकसा संबंध असेल तर तो तुझ्या हातून निसटू शकतो आणि ते तू लिमिटेशन्समध्ये दोन ओळीत लिहायचं. पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाच्या) स्टॅटिस्टिशियनकडे या आठवड्यातच जा, मास्टर चार्ट घेऊन जा, शेवटच्या पंधरवड्यात जाऊ नकोस कारण तेव्हा त्यांच्या दारात तुझ्यासारखे पंधरा जण उभे असतात.

आता फ्रीझर. तुझ्या पत्रात तू लिहिलंयस "११ सॅम्पल गेले". थांब, सगळं नाही गेलं. मॅग्नेशियम हा धातू आहे, दोन दिवस बाहेर राहिला म्हणून तो मोडत नाही. सीरम वेगळं करून ठेवलं होतंस ना, बूच घट्ट होतं ना, मग पाणी उडून गेलं नसेल तर मॅग्नेशियम करता येईल, फक्त आधी ट्यूब नीट हलवून घे, गोठून वितळलेल्या सीरममध्ये थर पडतात, वरचं पाणचट आणि खालचं दाट, न हलवता वरून पिपेट केलंस की आकडा खोटा येणार. आणि चाचणी लावायच्या आधी लॅबच्या इनचार्जना सॅम्पलचं काय झालंय ते सांग, त्यांचं मत त्याच कागदावर लिहून घे. इन्सुलिनची गोष्ट वेगळी, ते पेप्टाइड हॉर्मोन आहे, दोन दिवस फ्रीझरबाहेर राहिलेल्या सीरममधल्या इन्सुलिनच्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. त्या ११ जणांचं इन्सुलिन रिकामं सोड. शून्य नाही हं, सरासरीही नाही, रिकामं. म्हणजे मॅग्नेशियमच्या टेबलात एन ५८ आणि होमाच्या (उपाशीपोटीची शुगर आणि इन्सुलिन यांवरून काढलेल्या इन्सुलिन रेझिस्टन्सच्या आकड्याच्या) टेबलात एन ४७ असं येईल, आणि ते तसंच येऊ दे, खाली तळटीप दे की अमुक तारखेला फ्रीझर बंद पडला. परीक्षकाला अशी तळटीप दिसली की उलट त्याला कळतं की ही मुलगी खरंच लॅबमध्ये उभी राहिलीय.

तिथे आहेस तर बाकीच्या सॅम्पलकडेही एकदा डोळे उघडून बघ. एखादं सीरम लालसर दिसलं तर ते हिमोलाइज झालेलं आहे, लाल पेशींत मॅग्नेशियम सीरमपेक्षा जास्त असतं त्यामुळे तो आकडा वर जातो, आणि पेशी फुटल्या की त्यातलं एन्झाइम इन्सुलिन तोडतं, म्हणजे एकाच ट्यूबमध्ये एक आकडा वर आणि दुसरा खाली. जांभळ्या बुचाच्या बल्बमधून कोणी मॅग्नेशियम लावलं असेल तर ते बादच धर, त्यातलं ईडीटीए मॅग्नेशियमला धरून ठेवतं. शुगर राखाडी बुचातच गेली होती ना तेही तपास, नाहीतर पेशी त्या बल्बमध्ये बसून ग्लुकोज खात राहतात, तासाला पाच-सात टक्के, आणि वॉर्डातले मामा सॅम्पल घेऊन दुपारी दीडला लॅबला पोचले की तुझा होमा आपोआप कमी झालेला असतो. हे सगळं कंटाळवाणं वाटेल पण माझ्या मते तुझ्या थीसिसमध्ये ४२ जास्तीच्या पेशंटपेक्षा याची किंमत मोठी आहे.

नोंदीवर मी इतकी अडते त्याला कारण आहे. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत जीवाणूशास्त्रज्ञ हाफकिननी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. पुढचं कमी जणांना माहीत असतं. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात ती लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले, सगळे एकाच बाटलीतले, ५३-एन नंबरची बाटली. खापर हाफकिनच्या प्रयोगशाळेवर फुटलं आणि माणूस बदनाम झाला. मग त्या दिवशी गावात नेमकं काय झालं याची साक्षी-पुराव्यातली बारीक माहिती लोकांनी नीट वाचली, बाटलीचं बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला होता, बाटली उघडताना वास नव्हता म्हणजे मुंबईत दूषित झालेली नव्हती. मलेरियावर नोबेल मिळवलेल्या रोनाल्ड रॉससारखे लोक हाफकिनच्या बाजूने उभे राहिले आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. पाच वर्षं गेली गं. पण बाटलीला नंबर होता आणि काय घडलं ते कुणीतरी लिहून ठेवलं होतं म्हणून निदान पाच वर्षांनी तरी सुटले. तुझा फ्रीझर कधी बंद पडला, कधी कळलं, त्यावेळी तापमान किती होतं, हे आज लिही. आठवणीतून चार महिन्यांनी नको.

आता ५८ च का झाले, त्याचं उत्तर तू पत्रात स्वतःच दिलंयस पण तुझ्या लक्षात आलेलं नाही. तू लिहिलंयस की डायबेटिक ओपीडी आठवड्यातून एकदा असते आणि "पेशंट भरपूर येतात पण उपाशी येत नाहीत". अगं ते पहाटे सहाच्या एसटीने निघतात, स्टँडवर उतरले की पहिला चहा आणि सोबत दोन पाव नाहीतर बिस्कीट, आणि साडेदहाला तुझ्यासमोर येऊन सांगतात की हो बाई उपाशीच आहे, फक्त चहा घेतलाय. आपण त्यांना उपाशी या सांगतो आणि त्यांच्या भाषेत चहा म्हणजे खाणं नाहीच. तर असं कर, यावेळच्या ओपीडीत तुझ्या निकषात बसणारे पेशंट शोध, इन्सुलिन घेणारे, किडनीचे, डाययुरेटिकवाले (लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे) तू वगळलेच आहेस, उरलेल्यांना सगळं समजावून कन्सेंट घे आणि पुढच्या वेळचं कार्ड दे, त्यावर मोठ्या अक्षरात लिही "चहासुद्धा नाही, पाणी चालेल, गोळ्या सोबत आणा, रक्त दिल्यावर घ्या". आदल्या संध्याकाळी फोन कर. ओपीडी सुरू व्हायच्या आधी साडेआठला तूच किंवा तुझा इंटर्न तिथे बसा, रक्त घेतलं की लगेच त्यांच्या हातात चहा-बिस्किट द्या, रांगेत उपाशी बसवू नका, हे डायबेटिसचे पेशंट आहेत आणि कुणाची शुगर पडली तर ते तुझ्या थीसिसमुळे पडलेली असेल. आठवड्याला दोन जरी मिळाले तरी बारा आठवड्यांत २४ होतात, म्हणजे ८२. शेवटचा महिना स्टॅट्स, लिखाण आणि बाइंडिंगला ठेव. एलायझाचं, म्हणजे इन्सुलिन मोजायच्या चाचणीचं, म्हणशील तर ९६ वेलच्या (खाचांच्या) प्लेटवर स्टँडर्ड आणि कंट्रोलचे सोळा गेले की डुप्लिकेटमध्ये, म्हणजे प्रत्येक सॅम्पल दोनदा, ४० सॅम्पल बसतात, दोन प्लेटमध्ये तुझे ४७ आणि नवे २४ आरामात मावतील, तिसऱ्या किटचा खर्चही वाचेल. फक्त जुने एका प्लेटवर आणि नवे दुसऱ्या प्लेटवर असं लावू नकोस, मिसळून लाव.

चार कन्सेंट फॉर्म. हे मला फ्रीझरपेक्षा जास्त खुपलं, खरं सांगते. शुद्धीवर असलेल्या, स्वतःच्या पायाने ओपीडीत आलेल्या बाईच्या रक्तासाठी सुनेची सही का? लिहिता येत नव्हतं म्हणून? मग अंगठा घ्यायचा आणि सगळं समजावताना पहिल्यापासून शेवटपर्यंत एक निःपक्ष साक्षीदार बसवायचा, जो तुझ्या टीममधला नाही, आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या गाइडलाइनमध्ये हे स्पष्ट आहे आणि तू तो चेन्नईच्या एनआयई या त्यांच्याच संस्थेचा ऑनलाइन रिसर्च कोर्स केलायस त्यातही शिकवलेलं आहे. आता मागची तारीख टाकून अंगठा घ्यायचा मोह होईल. नको. त्या चौघांना पुढच्या भेटीत बोलाव, सरळ सांग की मागच्या वेळी तुमची परवानगी नीट घ्यायची राहिली, तेव्हा घेतलेलं रक्त अभ्यासात वापरू का, नाही म्हणालात तरी तुमच्या औषधपाण्यात काही फरक पडणार नाही. हो म्हणाले तर त्या दिवसाची तारीख, साक्षीदाराची सही. आणि चौघांचं मिळून एक प्रोटोकॉल डेव्हिएशनचं, म्हणजे ठरलेली पद्धत चुकल्याचं, पत्र एथिक्स कमिटीला दे, हा डेटा वापरायचा की नाही ते कमिटी ठरवेल. कमिटीला घाबरू नकोस. कमिटीत कमीत कमी सात जण असतात, अध्यक्ष तुमच्या संस्थेबाहेरचा असतो, कायद्याचा माणूस असतो, एक साधा बिगर-डॉक्टर माणूसही असतो. जेआर स्वतःहून चूक घेऊन आली की आमच्या खोलीतलं वातावरण काय होतं ते तुला कसं सांगू, सगळे मदतीलाच लागतात. आम्हाला त्रास होतो तो कुणी लपवलेलं दुसऱ्याकडून कळलं की.

आता सीनियर म्हणतात "वाचणार कोण". मी वाचते. मास्टर चार्ट मी आधी बघते, प्रस्तावना नंतर. भरलेला चार्ट कसा दिसतो माहितीये? साठाव्या ओळीपर्यंत आकडे जिवंत असतात, कुणाचं वजन ४१, कुणाचं ९३, मध्येच एक रिकामी जागा, आणि एकसष्टपासून सगळं गुळगुळीत होतं, कुणी फार जाड नाही, कुणी फार बारीक नाही, एकही चौकट रिकामी नाही. एकदा एका चार्टमध्ये २६ जानेवारीला तीन पेशंट घेतलेले होते, ओपीडी बंद असते त्या दिवशी. मी त्या मुलाला विवाला फक्त एवढंच विचारलं की त्या दिवशी रक्त कुणी काढलं, तो मान खाली घालून उभा राहिला आणि मला स्वतःलाच पुढे काही विचारवेना. हुशार मुलगा होता. खरे साठ पेशंट त्याने उन्हातान्हात गोळा केले होते आणि त्या दिवशी त्या साठांवरही कुणाचा विश्वास राहिला नाही.

आणि हे फक्त पकडलं जाण्याचं नाही. जर्मनीत योआखिम बोल्ट नावाचे मोठे भूलतज्ज्ञ होते, हायड्रॉक्सीएथिल स्टार्च या सलाईनच्या बाजूने त्यांचे ढीगभर पेपर होते. २००९ मधल्या त्यांच्या एका पेपरचे आकडे वाचकांना फारच नीटनेटके वाटले, माणसामाणसांत जेवढा फरक असायला हवा तेवढा नव्हता. चौकशी झाली, त्या अभ्यासाला एथिक्सची मंजुरी असल्याचा पुरावाच नव्हता, २०१० मध्ये पेपर मागे घेतला गेला आणि मग एकामागोमाग शंभरावर पेपर गेले. २०१३ मध्ये संशोधकांनी सगळ्या ट्रायल्स एकत्र करून पाहिल्या, बोल्ट यांच्या सात ट्रायल्स बाजूला काढल्या, तेव्हा दिसलं की त्या स्टार्चने गंभीर पेशंटमध्ये मृत्यू आणि किडनी फेल्युअर वाढतं. त्या सात होत्या तोवर ते झाकलेलं होतं. आयसीयूत ते सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांनी विश्वासाने लावलं होतं. तुझा थीसिस एवढा मोठा नाही म्हणशील, पण उद्या कुणीतरी मॅग्नेशियमचा मेटा-अ‍ॅनालिसिस करताना, म्हणजे सगळे अभ्यास एकत्र करून तपासताना, भारतातले छोटे अभ्यास शोधेल आणि तुझा त्यात जाईल, तेव्हा तुला कुणी विचारायलाही येणार नाही.

गाईड सरांचं. तू पत्रात त्यांच्यावर रागावलीयस, पण "मला वेळेत पाहिजे" याचा अर्थ "भर" असा सीनियरने लावलाय, सरांनी म्हटलेलं नाही. त्यांना कॉरिडॉरमध्ये गाठू नकोस, राउंडनंतर दहा मिनिटं माग आणि एक पान लिहून घेऊन जा: सर, ५८ झालेत, अजून साधारण २४ होतील, ११ चं इन्सुलिन बाद, चार कन्सेंटसाठी कमिटीला पत्र द्यायचंय, ८० च्या आसपासवर पॉवर किती येते ते स्टॅटिस्टिशियननी लिहून दिलंय, सॅम्पल साईज बदलल्याचं कमिटीला कळवू का? प्रश्न शेवटी ठेव. त्यांना होकार देणं सोपं जाईल असं कर, कारण त्यांच्या डोक्यावरही तीन-चार थीसिस असतात आणि त्यांना रडगाणं नको असतं, उपाय हवा असतो. बोलणं झालं की त्याच संध्याकाळी एक साधा मेल टाक, "सर आज ठरल्याप्रमाणे" एवढ्याने सुरुवात कर. आणि समजा ते तोंडावर म्हणालेच की भर, तर तिथे वाद घालू नकोस, विचार करते सर म्हण आणि पीजी कमिटीच्या किंवा एथिक्सच्या सेक्रेटरीकडे जा, आधी एकटी जायची भीती वाटली तर मला लिही, कुणाशी कसं बोलायचं ते आपण ठरवू.

एक सांगायचं राहिलं. मी माझ्या एमडीच्या वेळी एका आजीचं पाच मिली रक्त घेतलं होतं, बांगड्या वर सरकवून, शीर मिळेना म्हणून दोनदा टोचलं होतं. वर्षभराने त्या पुन्हा आल्या, दुसऱ्याच कामाला, पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली केसपेपरची चळत काढली आणि त्यातून माझ्या कन्सेंट फॉर्मची घडी केलेली कॉपी काढून माझ्यासमोर धरली, "बाई, माझं रगत नेलं होतं तुम्ही, त्याचं काय निघालं?" त्यांना वाचता येत नव्हतं पण तो कागद त्यांनी वर्षभर जपला होता. माझ्याकडे त्यांचा आकडा होता, रजिस्टर उघडून ओळीवर बोट ठेवून दाखवला, त्यांनी त्या बोटाखालच्या ओळीकडे बराच वेळ पाहिलं. तुझ्या मास्टर चार्टमधल्या ५८ ओळींना अशी माणसं आहेत, त्यातल्या ज्यांचं मॅग्नेशियम खरंच कमी निघालंय त्यांना तू ते सांगितलंयस का? पत्रात त्याबद्दल काही नाहीये. नसेल सांगितलं तर पुढच्या ओपीडीत त्यांचे केसपेपर बाजूला काढ आणि रिपोर्ट लावून युनिटच्या सरांना दाखव.

आणि आज रात्री जागूच नकोस, पण उद्या सकाळी राउंडच्या आधी लॅबमध्ये जाऊन त्या फ्रीझरच्या लॉगबुकच्या पानाचा फोटो काढ, इलेक्ट्रिशियनने कधी येऊन चालू केला त्याची तारीख-वेळ विचारून लिहून घे, आणि त्या ११ ट्यूबवर लाल मार्करने खूण कर म्हणजे घाईत कुणी त्या प्लेटवर लावणार नाही.